टेक्सासहून आलेले ४१२ डॉलर

"बाबांनी पैसे पाठवले का?" हे लेकीने विचारणंच सोडलं होतं, तेच जास्त लागायचं. घटस्फोट न्यू जर्सीत झाला, नवरा टेक्सासला गेला आणि तिच्या खर्चाचे पैसे चौदा महिने थकले. मला वाटायचं, राज्य बदललं, आता हात टेकले. पण तसं नाही! आंतरराज्य पोटगीचा कायदा सगळ्या राज्यांत लागू आहे. पगारातूनच पोटगी कापून घेण्याचा न्यू जर्सीचा आदेश थेट टेक्सासमधल्या कंपनीकडे जातो, तिथे नव्याने खटला लढावा लागत नाही. फक्त तो नोकरी कुठे करतो, ते कळायला हवं. त्यातच माझे पाच महिने गेले. थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्टही अडतो, हेही तेव्हाच समजलं.

शुक्रवारी पहिले ४१२ डॉलर जमा झाले. संध्याकाळीच तिच्या दातांच्या तारांचा हप्ता भरून आले.