जनुकशास्त्राच्या शाखा: काय मोजायचं आणि मोजणी कुठे चुकते

पदव्युत्तर वर्गात जेनेटिक्सच्या शाखांची ओळख बहुधा यादीनेच होते. क्लासिकल, सायटोजेनेटिक्स, मॉलिक्युलर, पॉप्युलेशन, क्वांटिटेटिव्ह, जीनोमिक्स. यादी पाठ होते, परीक्षेत उतरवली जाते, आणि या सगळ्या मध्ये भिंती असलेल्या वेगवेगळ्या खोल्या आहेत असा समज होऊन बसतो. खरं तर प्रत्येक शाखेत अलील (एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं) एका पिढीतून पुढच्या पिढीत कशी वाटली जातात याचीच मोजदाद चालते. कुणी ती संततीत मोजतो, कुणी गुणसूत्रांवर, कुणी डीएनएच्या तुकड्यांत, कुणी लोकसमूहात. मोजणी बिघडण्याची तऱ्हा मात्र जागेनुसार बदलते, आणि शाखा निवडताना तिच्याकडे बघितलेलं बरं. पुढची काही वर्षं रोज तिच्याशीच गाठ पडणार असते.

क्लासिकल जेनेटिक्स 'जुनं' म्हणून घाईने उरकतात, हे मला अजिबात पटत नाही. मेंडेलच्या १८६६ च्या निबंधातले आकडे घ्या: ५,४७४ गोल वाटाणे, १,८५० सुरकुतलेले. एकूण ७,३२४. ३:१ धरलं तर ५,४९३ आणि १,८३१ यायला हवेत, म्हणजे दोन्हीकडे १९ चा फरक. १९ चा वर्ग ३६१. त्याला ५,४९३ ने भागलं की ०.०६६, १,८३१ ने भागलं की ०.१९७. बेरीज सुमारे ०.२६. हाच काय-स्क्वेअर, म्हणजे अपेक्षित आणि मोजलेल्या संख्यांतल्या तफावतीचं माप. एक डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्रपणे बदलू शकणारी एकच संख्या) असताना ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४ आहे, तेव्हा हे आकडे ३:१ शी अगदी जुळतात. हा हिशेब एकदा कागदावर हाताने करावा. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे मोजलेल्या संख्यांऐवजी टक्केवारीवर काय-स्क्वेअर काढणं. नमुना ५० चा होता की ५,००० चा, हे टक्केवारीत पुसलं जातं आणि निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

ड्रोसोफिलाच्या (फळमाशीच्या) प्रात्यक्षिकात चुका गणितात कमी आणि बाटलीत जास्त होतात. मादी नराचे शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे क्रॉससाठी (ठरवून घडवलेल्या संकरासाठी) कुमारी मादीच लागते. २५ अंश सेल्सिअसला बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या आणि त्यानंतर ८ तासांच्या आत बाहेर पडलेल्या माद्या वेगळ्या करायच्या. नुकत्याच बाहेर आलेल्या माशीचा रंग फिका असतो आणि पोटात गडद ठिपका दिसतो. वेळेचं भान सुटलं की अनोळखी नराची संतती मोजणीत शिरते आणि गुणोत्तर काही केल्या बसत नाही. दुसरी गोष्ट: ड्रोसोफिलाच्या नरात क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीच्या गुणसूत्रांतली तुकड्यांची अदलाबदल, होत नाही. लिंकेज, म्हणजे एकाच गुणसूत्रावरची जनुकं एकत्र जाणं, तपासणाऱ्या टेस्टक्रॉसमध्ये (दोन्ही अलील अप्रभावी असलेल्या पालकाशी केलेल्या क्रॉसमध्ये) हेटेरोझायगस पालक (ज्यात दोन वेगळी अलील असतात) मादीच हवी. उलटं केलं तर रीकॉम्बिनंट (अदलाबदलीतून आलेली संतती) शून्य येतात आणि दोन जनुकं एकमेकांना घट्ट चिकटलेली आहेत असा खोटा निकाल लागतो. शिवाय काही म्युटंट (जनुकात बदल झालेल्या माश्या) उशिरा बाहेर पडतात. मोजणी पहिल्या दोन दिवसांत थांबवली की तो वर्ग कमी भरतो, आणि बाटली लावल्यापासून १८ दिवसांच्या पुढे चालू ठेवली की पुढची पिढी मिसळायला लागते.

कॉम्प्लिमेंटेशन टेस्ट याच शाखेची. दिसायला सारखे दोन अप्रभावी म्युटंट एकमेकांशी क्रॉस करायचे. संतती सामान्य निघाली तर बिघाड दोन वेगळ्या जनुकांत, म्युटंट निघाली तर बहुधा एकाच जनुकात. म्युटेशन प्रभावी असेल तर ही चाचणी काहीच सांगत नाही, आणि उत्तरपत्रिकेत हा मुद्दा हमखास सुटतो.

सायटोजेनेटिक्समध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघणाऱ्या शाखेत, सारं काही स्लाइडवर अवलंबून. माणसाच्या गुणसूत्रांची संख्या कित्येक वर्षं ४८ मानली जात होती. एकमेकांवर चढलेली गुणसूत्रं मोजताच येत नव्हती. सौम्य द्रावणात पेशी फुगवण्याची पद्धत १९५२ मध्ये पुढे आली आणि १९५६ मध्ये त्यो आणि लेवान यांनी ४६ हा आकडा दाखवला. आजही पद्धतीचा गाभा तोच आहे. रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फायटोहेमॅग्लुटिनिन (पेशींना विभाजनाला लावणारा पदार्थ) घालून ३७ अंशांना साधारण ७२ तास वाढवायच्या, शेवटी कोल्सेमिड घालून विभाजन मेटाफेजमध्ये (गुणसूत्रं सर्वांत स्पष्ट दिसतात त्या टप्प्यात) रोखायचं, मग ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये सुमारे २० मिनिटं ठेवायचं, आणि तीन भाग मिथेनॉल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड अशा ताज्या फिक्सेटिव्हमध्ये पेशी पक्क्या करायच्या.

प्रत्येक पायरीची चूक स्लाइडवर ओळखू येते. कोल्सेमिड जास्त वेळ राहिलं की गुणसूत्रं आखडून बुटकी होतात आणि पट्टे वाचता येत नाहीत. पोटॅशियम क्लोराइडचा वेळ कमी पडला की गुणसूत्रांचा गठ्ठा सुटत नाही, जास्त झाला की पेशी आधीच फुटतात आणि एखाददुसरं गुणसूत्र हरवतं. म्हणूनच एकाच पेशीत ४५ दिसले म्हणून मोनोसोमी (जोडीतलं एक गुणसूत्र कमी असणं) जाहीर करत नाहीत. बऱ्याच पेशी मोजतात. फिक्सेटिव्ह एकदम ओतलं तर पेशींच्या गुठळ्या होतात, म्हणून नळी हलवत थेंब थेंब सोडायचं. जी-बँडिंगमध्ये (गुणसूत्रांवर पट्टे उमटवण्याच्या पद्धतीत) ट्रिप्सिन हे विकर कमी पडलं तर गुणसूत्र सलग गडद दिसतं, जास्त झालं तर फुगून कडा पुसट होतात. साधारण ५ ते १० दशलक्ष बेस जोड्यांपेक्षा लहान बदल या पद्धतीत दिसत नाही, हे खरं. पण संतुलित ट्रान्सलोकेशन, ज्यात डीएनए कमी-जास्त न होता फक्त जागा बदलतो, ते मायक्रोॲरेला (डीएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चिपला) दिसत नाही आणि इथे दिसतं. ही शाखा कालबाह्य झाली म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

मॉलिक्युलर जेनेटिक्सकडे सर्वाधिक विद्यार्थी वळतात. पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक तुकडा असंख्य पटींनी वाढवण्याच्या पद्धतीत) डीएनए न घातलेली नळी कायम लावावी, तिच्यात बँड आला तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून फसवी चूक असते अलील ड्रॉपआउट. प्रायमर (वाढ जिथून सुरू होते तो डीएनएचा लहान तुकडा) जिथे बसतो तिथेच, विशेषतः त्याच्या थ्री प्राइम टोकाखाली, एखाद्या अलीलमध्ये बदल असेल तर ते अलील वाढतच नाही. हेटेरोझायगस व्यक्ती होमोझायगस (दोन्ही अलील सारखी असलेली) दिसते आणि जेलवरचा बँड मात्र सुरेख. क्रिस्परने (डीएनए ठरावीक जागी कापून बदलण्याच्या तंत्राने) बदललेल्या पेशींतही हेच घडतं: एका प्रतीत मोठा तुकडा गळून प्रायमरची जागाच गेली, की उरलेली प्रत एकटी वाढते आणि दोन्ही प्रतींत सारखाच बदल झाल्यासारखं वाटतं. दूरवर बसणारा दुसरा प्रायमर-संच वापरून पडताळावं.

ही चूक जेलवर सापडत नाही. ती सापडते पॉप्युलेशन जेनेटिक्सच्या हिशेबात, आणि भिंतींचा समज इथेच गळून पडतो. समजा २०० व्यक्तींमध्ये ए आणि बी या दोन अलीलच्या जोड्या एए ९०, एबी ६० आणि बीबी ५० मिळाल्या. ४०० अलीलपैकी ए २४०, म्हणजे ०.६. १९०८ पासून ठाऊक असलेल्या हार्डी-वाइनबर्ग नियमाने (अलील निव्वळ योगायोगाने जुळली तर किती जोड्या येतील हे सांगणाऱ्या) ७२, ९६ आणि ३२ अपेक्षित होते. काय-स्क्वेअर २८ च्या वर जातो. वर्ग तीन असले तरी इथे डिग्री ऑफ फ्रीडम एकच आहे, कारण अलीलचं प्रमाण याच आकड्यांवरून काढलं. दोन धरणं ही नेहमीची चूक. हेटेरोझायगोट ९६ च्या जागी ६० का, याची कारणं अनेक: दोन वेगळे समूह एकत्र मोजले गेले, नात्यात विवाह होतात, किंवा अलील ड्रॉपआउट झाला. निवडीचा सिद्धांत मांडायला बसण्याआधी शेवटचं कारण तपासा.

क्वांटिटेटिव्ह जेनेटिक्सची पायाभरणी फिशरच्या १९१८ च्या निबंधाने केली. उंची, उत्पादन यांसारखे सलग बदलणारे गुणही मेंडेलच्या नियमांनीच चालतात, फक्त जनुकं पुष्कळ असतात, हे त्याने दाखवलं. सूत्र साधं: प्रतिसाद म्हणजे आनुवंशिकता गुणिले निवडीचा फरक. समूहाची सरासरी १००, निवडलेल्या पालकांची ११०, पुढच्या पिढीची १०४, तर आनुवंशिकता ०.४. याचा अर्थ एका रोपाच्या उंचीतला ४० टक्के वाटा जनुकांचा, असा मुळीच नाही. हा आकडा त्या समूहातल्या, त्या परिस्थितीतल्या फरकांविषयी आहे. शेत बदललं की तोही बदलतो.

जीनोमिक्समध्ये आकडे अफाट होतात. माणसाचा जीनोम सुमारे ३ अब्ज बेस जोड्यांचा. संपूर्ण जीनोमच्या असोसिएशन अभ्यासात (डीएनएतले बदल आणि गुण यांचा संबंध शोधणाऱ्या) सुमारे १० लाख स्वतंत्र चाचण्या धरून ०.०५ ला १० लाखांनी भागतात आणि ०.०००००००५ ही मर्यादा ठेवतात. पण तळाशी पुन्हा नाणेफेकच आहे. हेटेरोझायगस जागी प्रत्येक रीड (डीएनएचा वाचलेला तुकडा) दोनपैकी एका प्रतीवरून येतो. रीड चारच असतील तर चारही एकाच प्रतीवरून येण्याची शक्यता आठात एक. म्हणजे एवढ्या कमी डेप्थवर (एका जागी आलेल्या रीडच्या संख्येवर) दर आठ हेटेरोझायगस जागांपैकी सरासरी एक होमोझायगस वाचली जाते. ३० रीड असले की ही शक्यता जवळपास संपते. तेव्हा डेटात हेटेरोझायगोट कमी भरले तर आधी रीड डेप्थ बघा, मग प्रायमर किंवा प्रोबच्या खाली एखादा बदल आहे का ते, मग नमुने एकाच समूहातले आहेत का ते. जीवशास्त्रीय कारण यानंतर.