स्वतःचं पिस्तूल घेतलं: दहा मीटरच्या नोंदीत या वेळी किंमत आणि सर्व्हिसचा हिशेब

अखेर स्वतःचं एअर पिस्तूल घेतलं. कॉम्प्रेस्ड एअरवर चालणारं, मेकॅनिकल ट्रिगरचं, सोबत हवेचे दोन सिलेंडर. क्लबच्या पिस्तुलावर दहा मीटर नेमबाजीची साठ शॉट्सची मॅच सहाशेपैकी ५३०च्या आसपास येऊन अडकली होती. नव्या पिस्तुलावर परवाच्या सराव मॅचमध्ये ५४६ लागले. त्यातले काही गुण पिस्तुलाचे, पण बहुतेक ग्रिपचे, म्हणजे मुठीचे. क्लबचं पिस्तूल चार जणांच्या हातात फिरायचं आणि त्याची ग्रिप कुणाच्याच हाताची नव्हती. आता हात दर वेळी एकाच जागी बसतो, त्यामुळे डावीकडे खाली सुटणारे आठ-सात गुणांचे शॉट कमी झालेत. ट्रिगरवरचं बोट अजून घाई करतं, त्यावर काम चालू आहे.

या नोंदीत मात्र गुणांपेक्षा खरेदीबद्दल जास्त लिहितो. आमच्या नाशकात नेमबाजी प्रशिक्षक भीष्मराज बाम सरांमुळे नेमबाजीची चांगली परंपरा आहे, रेंजवर जाणकार माणसं भेटतात. तरी "पिस्तूल कुठून घेऊ?" असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एका आकड्यात येतं: अमक्याकडे एवढ्याला मिळेल. तो आकडा अर्धाच हिशेब आहे असं माझं ठाम मत झालंय.

माझ्यापुढे तीन पर्याय होते. दिल्लीकडच्या एका डीलरचं कोटेशन सगळ्यात कमी होतं. पुण्यातल्या डीलरचा भाव त्याच मॉडेलला १८,००० रुपयांनी जास्त. तिसरा पर्याय म्हणजे खेळ सोडलेल्या एका नेमबाजाचं वापरलेलं पिस्तूल, जवळजवळ निम्म्या किमतीत. खरं सांगायचं तर मन तिसऱ्यावरच बसलं होतं. नळी स्वच्छ, ट्रिगर लोण्यासारखा, मूळ पेटी, सगळी अवजारं जागच्या जागी.

मग सिलेंडर फिरवून त्यावरची कोरलेली तारीख पाहिली. नवव्या वर्षात होता. दुसराही त्याच महिन्याचा. इथे नव्या मंडळींनी थांबून वाचावं. या सिलेंडरमध्ये २०० बार दाबाची हवा असते, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास नव्वद-शंभर पट. त्यांची मुदत ठरलेली असते आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती जास्तीत जास्त दहा वर्षं. सिलेंडर मुदतीत असणं ही खेळाडूची जबाबदारी, आणि इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेत साधनं तपासणाऱ्यांना) ती तारीख तपासता येते. स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच जुन्या पिस्तुलांच्या स्वस्ताईचं कारण त्या तारखेत असतं. दोन नवे सिलेंडर मागवायचे म्हणजे आयात, वाट पाहणं आणि बऱ्यापैकी रक्कम. ती धरली तर निम्मी किंमत निम्मी राहत नव्हती. विकणारा गृहस्थ प्रामाणिक होता, त्याने काही लपवलं नव्हतं. मला ते परवडणारं नव्हतं एवढंच.

राहिले दोन डीलर. दोघांना फोन करून मी तेच तीन प्रश्न विचारले. पिस्तूल बिघडलं तर ते उघडतं कोण? सील आणि ओ-रिंगचे (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांचे) संच आज तुमच्या दुकानात आहेत का? आणि दुरुस्तीला ठेवलं तर तोवर सरावाला दुसरं पिस्तूल मिळेल का?

दिल्लीकडचं उत्तर अदबीचं होतं: "आप चिंता मत कीजिए सर, कंपनी देख लेगी." कंपनी म्हणजे युरोपातली. पिस्तूल परत तिकडे जाणार, कागदपत्रं, कस्टम, पुन्हा इकडे. त्यात किती महिने जातील याचं उत्तर मिळालं नाही. पुण्याच्या दुकानदाराने फोन सरळ कारागिराच्या हातात दिला. तो म्हणाला, "सर, सील आहेत, रेग्युलेटरचा संचही आहे. ट्रिगरचे स्प्रिंग संपलेत, पुढच्या मालात येतील. दुसरं पिस्तूल देऊ, पण मॅचला नाही, फक्त सरावाला." काय नाही हे त्याने न विचारता सांगितलं, तिथेच माझा निर्णय जवळपास झाला.

आमच्या क्लबातल्या एका मित्राचा अनुभवही डोक्यात होता. त्याने अशाच फरकापायी लांबच्या एका डीलरकडून पिस्तूल घेतलं. पैसे भरेपर्यंत फोन पहिल्या रिंगला उचलला जायचा. पावसाळ्यात हवा गळायला लागली, तेव्हा आधी "बघतो", मग "उद्या करतो", मग नुसतीच रिंग. जिल्हा स्पर्धा तो क्लबच्या पिस्तुलावर खेळला. वाचलेले पैसे त्याने पुढे दुसऱ्याच डीलरकडे दुरुस्तीला भरले आणि सरावाचा एक अख्खा मोसम गेला तो वेगळाच. नोकरी सांभाळून हा खेळ खेळणाऱ्याकडे वर्षाचे सरावाचे दिवस मोजकेच असतात. पिस्तूल कपाटात पडून राहिलं की तेच जातात. म्हणून मी १८,०००चा फरक पिस्तुलाच्या किमतीशी ताडून पाहिलाच नाही. एक मोसम वाया गेला तर मला त्याची काय किंमत वाटेल, एवढंच स्वतःला विचारलं.

मोठ्या खेळाडूंनाही यातून सुटका नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला. दुरुस्तीत मिनिटं गेली, नंतर घाईत शॉट मारावे लागले, आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. पुढे पॅरिसमध्ये २०२४ साली तिने याच प्रकारात कांस्य जिंकलं, तेव्हा रेंजवर आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतो. तिच्या मागे प्रशिक्षक होते, पथक होतं. आपल्यासारख्यांच्या मागे असतो फक्त डीलर. मी इलेक्ट्रॉनिक ट्रिगर न घेता मेकॅनिकल घेतला त्याचं कारणही हेच. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार स्वच्छ सुटतो, हातात घेऊन पाहिलाय. पण त्याचं सर्किट गेलं तर नाशकात तो कुणाला उघडता येणार नाही. मेकॅनिकल निदान समजून घेता येतो, चावीने जुळवता येतो.

दुकानात प्रत्यक्ष गेलो तेव्हाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सर्व्हिस म्हणजे काय ते तिथे दिसलं. कारागिराने पिस्तूल काढायच्या आधी माझा हात मागितला. तळहाताची रुंदी आणि बोटांची लांबी पाहून म्हणाला, "मीडियम बसेल, पण तुमचा अंगठ्याखालचा भाग भरलेला आहे, तिथे लाकूड टोचेल." मीडियम ग्रिप लावून त्याने मला डोळे मिटून हात वर करायला लावला, मग डोळे उघडून साइट्स (नेम धरायच्या खुणा) कुठे आहेत ते पाहायला सांगितलं. पुढची साइट उजवीकडे सरकलेली होती. त्याने ग्रिपचे स्क्रू सैल केले, किंचित कोन बदलला, पुन्हा डोळे मिटायला लावले. साइट्स मधोमध येईस्तोवर हेच चालू होतं. टोचणारी जागा पॉलिश पेपरने घासली, आणि तळहाताच्या पोकळीत एपॉक्सी पुट्टीचा पातळ थर दिला. "आठवडाभर वापरा. जिथे घाम जास्त दिसेल तिथे दाब जास्त आहे. तसं सांगा, मग पुढचं घासू."

नंतर ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावून दाखवलं. नियमानुसार ट्रिगरने तेवढं उचललं पाहिजे. त्याने जरा वरच, ५१०च्या आसपास ठेवला, म्हणजे स्पर्धेच्या तपासणीत धाकधूक नको. शेवटी छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर दहा शॉट. सगळे सेकंदाला १४८ ते १५१ मीटरमध्ये. ते आकडे कागदावर लिहून, तारीख घालून, पेटीत ठेवले. त्या कागदाचा उपयोग तेव्हा मला नीट कळला नव्हता.

काही आठवड्यांनी कळला. संध्याकाळी १८० बारवर ठेवलेलं पिस्तूल सकाळी १४०वर. फोन केला. कारागीर म्हणाला, आधी घाबरू नका, सिलेंडर काढून रात्रभर वेगळा ठेवा. सिलेंडरचा काटा हलला नाही, तर गळती सिलेंडरची नाही, पिस्तुलाच्या बाजूची आहे. तसंच निघालं. जोडाच्या ठिकाणची ओ-रिंग बाहेर काढून भिंगाखाली पाहिली तर एका बाजूला बारीक चीर होती, पेनाने रेघ मारल्याएवढी. दोन ओ-रिंग कुरिअरने आल्या, पैसे घेतले नाहीत. एक बसवली. त्याने एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथेही लिहितो: सीलला फक्त सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि तेही नावापुरतं. शिवणयंत्राचं तेल, थ्री-इन-वन असलं काही चुकूनही नको. जास्त दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. रेंजवर क्रोनोग्राफ लावून पाहिला, आकडे पुन्हा १४९-१५०. पेटीतल्या कागदाशी जुळले, म्हणजे हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर ठीक आहे हेही कळलं. तो कागद नसता तर कशाशी ताडून पाहणार होतो?

जास्त भाव म्हणजे चांगली सर्व्हिस असं मात्र कुणी समजू नये. मुंबईतल्या एका दुकानात एसी होता, कॉफी आली, भिंतीवर विजेत्यांबरोबरचे फोटो होते, आणि भाव दिल्ली-पुण्याहूनही चढा. कारागीर कुठे बसतो विचारल्यावर "बाहेरून करून घेतो" असं उत्तर. त्या सोफ्याचे पैसे मी का भरू? आणि पुण्याच्या डीलरकडूनही मी सगळं घेतलं नाही. नेमबाजीचा चष्मा, बूट, पेटी यात त्याचा भाव जास्त होता; तिथे बिनधास्त घासाघीस केली आणि बूट दुसरीकडून घेतले. बुटाला कारागीर लागत नाही.

पेलेटच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या, बाबतीतही तेच. पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. माझ्या पातळीवर बॅच तपासून, म्हणजे वेगवेगळ्या बॅचचे पेलेट मारून पाहून, महागडे पेलेट घेण्यात अर्थ नाही. चांगल्या कंपनीचे ४.५ मिलिमीटरचे सपाट तोंडाचे पेलेट पुरेसे. रायफलवाल्यांचं गणित वेगळं. त्यांचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, आणि गुण दशांशात. त्यांनी बॅच तपासू देणारा डीलर जरूर शोधावा.

पुढे .२२ बोअरच्या स्पोर्ट पिस्तुलाकडे जायचा विचार असलेल्यांसाठी थोडं. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आपली मॅचची पिस्तुलं त्या मर्यादेच्या खूप खाली असतात. .२२ हे खरं अग्निशस्त्र. त्याला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि ते विकणाऱ्याला जसा परवाना लागतो तसाच दुरुस्त करणाऱ्यालाही. ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊन बघ रे जरा, असं तिथे चालत नाही. त्यामुळे एअर पिस्तुलात मी सर्व्हिसला जेवढं वजन दिलं त्याच्या दुप्पट तिथे देईन, आणि परवान्याचा अर्ज करायच्या आधीच डीलर नक्की करीन.

स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्य आणल्यापासून आमच्या रेंजवर मुलांना घेऊन येणारे पालक वाढलेत. कांबळवाडीसारख्या गावातला मुलगा तिथवर गेला, मग आपला का नाही, असं त्यांना वाटतं आणि ते अगदी योग्य आहे. पण पहिल्याच महिन्यात दोन-अडीच लाखांच्या रायफलची चौकशी सुरू होते तेव्हा मला काळजी वाटते. सहा महिने क्लबचं हत्यार वापरू द्या. मुलाची उंची वाढते, हात वाढतो, ग्रिप आणि बट प्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) बदलत जाते. आणि खरेदीला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या. मुलाचा हात न पाहता फोनवर ग्रिपचा साइझ ठरवणाऱ्याकडून घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त देवो.

आता पुढचं. अंगठ्याखालची पुट्टी अजून एकदा घासून घ्यायची आहे, घामाचा डाग तिथेच पडतोय. पावसाळ्यात हातपंपाने हवा भरणं बंद ठेवणार, कारण दमट हवेतलं पाणी आत जातं. क्लबच्या स्कूबा सिलेंडरवरूनच भरायचं. सीलचा एक संच विकत आणून पेटीत ठेवलाय. रोज संध्याकाळी कोऱ्या भिंतीसमोर पेलेटशिवाय वीस मिनिटं ट्रिगर, फक्त साइट्सकडे पाहत. पुढच्या नोंदीत शेवटच्या दोन सिरीजचे (दहा-दहा शॉट्सच्या गटांचे) आकडे देतो, घसरण तिथेच होते आहे.