ज्वारीचे घर, कापसाचा पैसा

आमच्या घरी रोख पैसा दिसायचा तो कापूस विकल्यावरच, म्हणजे दिवाळी उलटल्यापासून माघ संपेपर्यंत. उरलेले वर्ष घर ज्वारीवर चालायचे. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात, शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेगाडीच्या रुळांपासून बंडीने, म्हणजे बैलगाडीने, दीड-दोन तासांवर असलेल्या एका खेड्यात माझे बालपण १९५०च्या दशकात गेले, आणि त्या दिवसांचा विचार करू लागले की मला सर्वांत आधी ही वाटणी आठवते: घरचे काय आणि विकतचे काय. त्या काळाला आता सगळे साधा काळ म्हणतात. मला तो तसा वाटत नाही. त्याच्यामागे फार बारीक हिशेब होता, आणि त्यातला मोठा भाग बायकांच्या डोक्यात असे, कुठल्याही वहीत नसे.

विकत येणाऱ्या वस्तू बोटांवर मोजता येत: मीठ, मातीचे तेल, गूळ, कापड, चहापत्ती आणि काडेपेट्या. ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, मिरची हे सारे वावरातले. जवस तेलघाणीवर जाई. तेल घरात येई आणि ढेप, म्हणजे उरलेली पेंड, कोठ्यातल्या बैलांपुढे. अंबाडीच्या पानांची भाजी होई आणि तिच्याच सालीचे दोर वळले जात. तुरीची डाळ आम्ही खायचो, तिचे कुटार जनावरे खायची, आणि तुराटीचे कूड व खराटे व्हायचे. कापूस वेचून झाल्यावर उभी राहिलेली पऱ्हाटी पुढच्या वर्षभराचे सरपण होती. काही फेकून द्यायचे असते ही कल्पनाच आम्हाला नव्हती, आणि त्यात थोरपणाही नव्हता. फेकण्याजोगे हाती काही उरतच नसे.

वस्ती पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीवर, आणि शेती काळीवर, ही आमच्याकडची जुनी रीत. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून तिच्यात घरही टिकत नाही आणि पुरलेले धान्यही. पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, खणायचे ते पांढरीत. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे अरुंद आणि आतले पोट मोठे. तळाशी व कडांना कडबा लावून ज्वारी भरत आणि तोंड मातीने लिंपून टाकत. पेव उघडण्याच्या दिवशी मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आम्हा मुलांना त्याच्या आसपास फिरकू देत नसत, कारण कोंडलेले धान्य आतली चांगली हवा संपवते आणि तिथे उतरलेला माणूस गुदमरून मरू शकतो. झाकण काढून पेव बराच वेळ उघडे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. तो तेवत राहिला तरच गडी उतरे. कडेची ज्वारी ओल लागून काळपट झालेली असे आणि तिच्या भाकरीला एक आंबूस वास येई. बरे वर्ष असले तर ती जनावरांना जाई, आणि अवघड वर्ष असले तर आमच्याच ताटात.

मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, पहाटे जात्यावर बसे. आमचे एकत्र कुटुंब, त्यात सालगडी आणि येणारे-जाणारे, त्यामुळे रोजचे दळण मोठे होते आणि त्याला सुट्टी नव्हती. जात्याच्या घरघरीवर हळव्या आठवणी लिहिल्या जातात, त्या बहुतेक अंथरुणात पडून ती ऐकणाऱ्यांच्या असतात. मोठ्या आईचे खांदे उतारवयात इतके दुखत की तिला केस विंचरायला हात वर नेता येत नसे. गावाजवळ पिठाची चक्की आली तेव्हा आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, चक्कीच्या पिठात कस नसतो असे मत मांडले, त्यावर ती एवढेच म्हणाली, "मग उद्यापासून तुम्ही दळा." सासऱ्यासमोर तोंड उघडल्याचा तिचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. चक्की मात्र घराने स्वीकारली.

पोळी सणाला आणि पाहुण्याला. भात आजाऱ्याला आणि नैवेद्याला. एरवी भाकर, त्यावर जवसाची नाहीतर तिळाची चटणी, हिवाळ्यात वांग्याची भाजी, आणि पावसाळ्यात भाजीला काही नसले की मुगवड्यांचा रस्सा. उन्हाळ्यात ज्या खाटा अंगणात येत, त्यांच्यावर दिवसा मुगवड्या, कुरडया आणि खारवड्या वाळत आणि रात्री आम्ही झोपायचो.

आमची शाळा जनपद सभेची, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेची, होती, कारण तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मी पहिलीत असताना १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि चौथी संपता संपता, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्रात. गाव जागचे न हलता माझी प्राथमिक शाळा अशी तीन राज्यांत झाली. तिथे पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी पाठ लागत, आणि त्यांतली सवायकी व दिडकी आबाजी रोज संध्याकाळी सपरीत बसून पुन्हा म्हणवून घेत. त्याचे कारण मला पुढे कळले. पावसाळ्यात ज्यांची ज्वारी संपे ते सवाई-दिढीने धान्य उचलत. एक मण नेले की सुगीला सव्वा मण परत करायचे, आणि माणूस अधिक गरजू असला तर दीड मण. ज्याला दिडकी येत नाही तो तीन मण नेऊन पाच परत करतो, असे आबाजी म्हणत.

१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि ही सारी तोंडपाठ विद्या डळमळली. रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे हे गणित गावाच्या अंगात मुरलेले होते. आता रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एका आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे मात्र १९ आणि चार आण्यांचे २५. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण चार आण्यांचा माल एकदम घेण्यापेक्षा आण्या-आण्याचा चार वेळा घेतला तर एक नवा पैसा वाचतो, हे तिने कोणी न सांगता शोधून काढले आणि त्यासाठी मला दुकानात चार खेपा घालायला लावल्या. दुकानदाराने आबाजींकडे तक्रार केली. आबाजींनी ती हसत ऐकून घेतली आणि आजीला काहीही सांगितले नाही.

भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचा महिना. भुलाबाई आणि भुलोजी यांची मातीची जोडी घरोघरी मांडलेली असे, आणि आम्ही मुली रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणत असू. गाणी झाली की झाकलेला डबा पुढे यायचा आणि आतली खिरापत ओळखायची. डबा कानाशी धरून हलवला की मुरमुरे लगेच कळत, फुटाणेही कळत. भिजवलेली डाळ अजिबात वाजत नसे आणि हुशार आया म्हणूनच तीच ठेवत. आता वाटते की त्या खिरापतींत विकतचे फारसे काही नसण्याला एक कारण होते. आश्विनात पेवाचा तळ दिसू लागलेला असे आणि कापूस अजून बोंडात असे. वर्षातल्या सर्वांत कडकीच्या महिन्यात मुलींचा सण होता आणि घरातली मूठभर डाळ त्याला पुरत होती.

१९५६चा दसरा, १४ ऑक्टोबर, मला वेगळ्या कारणाने लक्षात आहे. त्या दिवशी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, आणि आमच्या गावातूनही अनेक जण तिकडे गेले, त्यांत आमचा सालगडी होता. वर्षाची ठरलेली ज्वारी, थोडे रोख आणि पोळ्याला कपडे, असे त्याचे साल पाडव्याला ठरलेले असे. मेलेली ढोरे ओढून नेणे त्यात कोणी बोलून दाखवत नसे, पण ते त्याच्या वस्तीकडेच धरलेले होते. परत आल्यावर त्याने ते काम यापुढे होणार नाही असे सांगितले. मोठ्या बाबांना राग आला. पुढची काही वर्षे आमच्या घरात हा विषय निघाला की माणसे गप्प होत. गावाच्या विहिरीवर त्याची बायको पाणी भरू शकत नव्हती, हेही त्याच साध्या काळातले आहे आणि आठवणी लिहिताना ते गाळता येत नाही.

दसरा झाला की सीतादही. वेचणीला हात लावण्याआधी वावरात पऱ्हाटीखाली खडे मांडून त्यांची पूजा होई आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवला जाई. मग बायका कमरेला ओटी बांधून तासाला, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीला, लागत. वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फिरते विक्रेते येत. त्यांच्याकडे मुरमुरे, शेव आणि बोरे असत, आणि मोबदला म्हणून ते पैसे नव्हे, कापूस घेत. मूठभर मुरमुऱ्यांना ओंजळभर कापूस ही सरळ लूट होती. मोठ्या आईला ती दिसत असे आणि ती दुसरीकडे बघत असे.

आमच्या कामाचा भाग घरी होता. कापूस एका खोलीत छतापर्यंत भरलेला असे, तिथे दिवा नेण्याची सक्त मनाई. बंडी भरताना मात्र मुलांना वर चढवत आणि तट्ट्यांच्या आत कापूस तुडवायला लावत. नाकातोंडात तंतू जात, पायांना सरकी टोचे, आणि तरी खाली उतरायला कोणी तयार नसे. बंड्या रात्रीच निघत, म्हणजे बाजारात सकाळी नंबर लागे. तो कापूस जिनमध्ये सरकी निघून, गाठी बांधून मूर्तिजापूरच्या मोठ्या लायनीकडे जाई; शकुंतला टाकली होती तीच मुळी त्यासाठी. बाबा परतत तेव्हा त्यांच्याजवळ गुळाची ढेप आणि कापडाचे एकच थान असे. त्यातून भावांचे सदरे, आमची परकर-पोलकी आणि उरलेल्याच्या उशांच्या खोळी शिवल्या जात, त्यामुळे वर्षभर आम्ही सगळी भावंडे आणि उशा एकाच रंगाच्या दिसत असू.

१९६०च्या दशकात संकरित ज्वारी आली, १९७०नंतर संकरित कापूस आला आणि त्याच्यामागून सोयाबीन. संकरित ज्वारी पायली-पायलीने जास्त पिकली, पण ताटे बुटकी, त्यामुळे कडबा कमी झाला. भाकरही कोणाला आवडली नाही. पुढे बैल कमी झाले, तसा कडबाही कोणाला लागेनासा झाला. आता माझा भाचा तेच वावर करतो. तो कापूस, तूर आणि सोयाबीन पेरतो आणि पोळ्यांसाठी गहू विकत आणतो. ज्वारी का नाही, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आत्या, मी एकट्यानं जवारी पेरली त साऱ्या शिवारातले पाखरं माह्याच वावरात उतरतीन, अन् रात्री डुकरं." त्याचे बरोबर आहे. पूर्वी सगळेच पेरत, म्हणून पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागला जाई. घराजवळच्या तुकड्यात तो हुरड्यापुरते ज्वारीचे चार तास, म्हणजे चार ओळी, मात्र दरवर्षी पेरतो आणि मला पौषात बोलावतो. त्यातले दोन तास पाखरांचे, हे तो फोनवर आधीच सांगून ठेवतो.