आमची वाटचाल: डोल जाळ्यापासून बाल्कनीपर्यंत

वाशीचा पहिला खाडीपूल 1973 साली सुरू झाला. त्याच सुमारास बाबांनी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात घराच्या ओट्यावर दुकान मांडलं. माल मोजकाच: नायलॉनचं सूत, दोर, शिसं, बोये आणि तयार जाळी. बाबांचा हिशोब तारखेवर नव्हे, तिथीवर चाले. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, तेव्हा डोल, म्हणजे वाहत्या पाण्यात लावायचं पिशवीसारखं जाळं, लागते. त्याआधीचे दोन-तीन दिवस ओट्यावर उभं राहायला जागा नसे. भांगाच्या, म्हणजे पाण्याला ओढ नसलेल्या दिवसांत बाबा दुपारी तिथेच झोपत. उधारी मासळीवर फिटे. पैशांऐवजी कोलंबी आली तर बय, म्हणजे आई, खूश, चिखलातल्या निवट्या आल्या की कुरकुर. त्या साफ कोण करणार?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी खाडीत येतच होतं, त्यात नवी मुंबई या नव्या शहराचं सांडपाणी मिसळलं. भराव पडले, गाळ साचला, खाडी उथळ होत गेली. आम्हाला ते गल्ल्यावर बसून कळलं. आधी मोठ्या डोळ्याची, म्हणजे मोठ्या भोकांची जाळी कुणी मागेना. जिताड्यासारखा मोठा मासा लागेनासा झाला, मग ती घेऊन करायचं काय? पुढे बारीक डोळ्याची मागणी वाढली. बाबा म्हणायचे, "ही मासेमारी नाय, बियाणं उपटणं हाय." पण विकत तर आम्हीच होतो, ते लपवत नाही. दुरुस्तीच्या जाळ्यांतून खवल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या निघू लागल्या.

वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांच्या भरपाईसाठी धोरण आखायला सांगितलं. जाळी विकणारा अशा कुठल्या यादीत बसत नाही. असो.

दुकान माझ्याकडे आलं, तेव्हा महिन्याला दोन जाळी जात. एक दिवस नेरूळच्या एक काकू आल्या आणि म्हणाल्या, "कबुतरांसाठी काही आहे का?" मी शेल्फवरचं मासळीचंच जाळं त्यांच्या बाल्कनीला ताणून दिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात ते हातानेच फाटायला लागलं. पाण्यातलं सूत वेगळं, बारमाही उन्हातलं वेगळं, हे पदरमोड करून शिकलो. आता ऊन सोसणारं सूत वापरतो, चौरस फुटाने दर लावतो, क्रिकेटच्या नेटही करतो. कामाला कोळीवाड्यातलीच पोरं आहेत. विसाव्या मजल्यावर दोराला लटकायचं त्यांना शिकवावं लागलं. गाठ शिकवावी लागली नाही.

बय एकदा साइटवर आली होती. वर बघून म्हणाली, "जाल्यात काय येऊ नये म्हणून जालं लावतात, असं पयल्यांदा बघतंय."

डोल आणि बोकशीची (लहान डोलीची) दुरुस्ती अजून घेतो. काम काका करतात, सत्तरी ओलांडली तरी त्याच ओट्यावर बसून. पुनवेच्या उधाणाला जाळं हवं असेल तर दशमीपर्यंत आणून टाका. एकादशी उलटली की काका ऐकून घेत नाहीत.