धारणीच्या वाटेवर कोरकू शिकताना

परतवाडा सोडलं की सेमाडोहपर्यंत घाट, पुढे हरिसाल, मग धारणी. मेळघाटच्या या पट्ट्यात पाट्या मराठीत आणि घरातलं बोलणं कोरकूत, म्हणजे इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत. २०११ च्या जनगणनेत कोरकू भाषकांची संख्या सव्वासात लाखांच्या वर होती, पण रोजचा व्यवहार सगळा तोंडी. त्यामुळे पुस्तक शोधण्यापेक्षा गावात चार दिवस मुक्काम टाकलेला बरा.

मोसम आधी बघा. पावसाळ्यात माणसं शेतात, दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं मजुरीला बाहेर. होळीला बहुतेक सगळे परततात, तेव्हा संध्याकाळी ओट्यावर बसायला कोणीतरी भेटतंच. आठवडी बाजार ऐकायला छान, शिकायला वाईट: भाव बहुतेक हिंदी-मराठीतच चालतात.

रेकॉर्डिंग विचारूनच करावं, आणि कुडाच्या खोलीत. शेणामातीच्या भिंती आवाज घुमू देत नाहीत. पत्र्याखाली मात्र पावसाची एक सर आली की सगळं वाया. फोनवर दाबलेली (कम्प्रेस केलेली) फाइल नको, न दाबलेली वेव्ह (WAV) ठेवा. मोनोत, म्हणजे एकाच चॅनलवर, मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात. प्रत्येक शब्द दोनदा म्हणून घ्यायचा, कारण शेवटचं व्यंजन घशात अडकून थांबतं आणि पहिल्या खेपेला निसटतं. देवनागरीत त्याला खूण नाही, मी वर स्वतःची एक छोटी खूण देतो. काही शब्द खालच्या सुरात येतात, त्यांच्याखाली रेघ. खुणा कोणत्याही चालतील, मात्र पहिल्या पानावर लिहून ठेवा.

खरी गंमत सर्वनामांत. आपण-आम्ही हा फरक मराठी माणसाला अंगवळणी पडलेला, म्हणून अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. पण कोरकूत द्विवचनही आहे. 'तू आणि मी' म्हणजे आलाङ, 'तुला सोडून आम्ही दोघं' आलिञ, 'तुझ्यासकट सगळे' आबुङ, 'तुला सोडून सगळे' आले. मराठीतून "आपण म्हणजे काय हो?" विचारलंत तर समोरच्याला जे आधी सुचेल ते मिळणार. त्यापेक्षा माणसं उभी करा. गावातल्या एखाद्या मावशींच्या शेजारी एकट्याने उभं राहून "बाजारात जाऊ" त्यांच्याकडून म्हणवून घ्या. मग बाजूला सरका, त्यांच्या शेजारी त्यांची सून येऊ दे, आणि तेच वाक्य त्यांनी तुम्हाला सांगायचं. नंतर दोन-चार पोरं जमवून तुमच्यासकट, शेवटी तुम्हाला वगळून. रूपं आपोआप वेगळी पडतात.

नामांतही तसंच: कोरो म्हणजे माणूस, दोघांना -किञ, अनेकांना -कू. हे प्रत्यय सजीवांना लागतात; दगडांची यादी घेऊन अनेकवचन शोधाल तर हात हलवत परत याल.

दोन सापळे हमखास. "तुमचं घर" कसं म्हणतात विचारलं की उत्तर "माझं घर" असं येतं. मालक बदलून पुन्हा विचारायचं. आणि स्वतः बनवलेलं वाक्य "हे बरोबर ना?" म्हणून कधी पुढे करू नका. पाहुण्याला नाही म्हणायचं जिवावर येतं, म्हणून होकारच मिळतो. "असं म्हणता की असं?" म्हणून दोन वाक्यं ठेवा, त्यातलं एक मुद्दाम मोडकं. पोरं हसली तर मोडकं कोणतं ते लगेच कळतं.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे गाव आणि बोलणाऱ्याचं अंदाजे वय हवंच. पुढच्या गावात तोच शब्द जरा वेगळा ऐकू आला, तर आधीचा खोडायचा नाही, खाली लिहायचा.