जिप्सी लॉग ७: जाड गॅस्केटचा मोह

मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की माझ्या मारुती जिप्सीला बसवलेला सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा ब्लोअर) ६ पीएसआय बूस्ट, म्हणजे जादा हवेचा दाब, धरतोय आणि गाडी उडतेय. उडाली खरी, पण गाडी नाही, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आधी दोन-तीन सेकंद तडतड ऐकू आली, मग इंजिन अर्धमेलं झालं. ठाण्यापर्यंत टोचन लावून आणली.

कॉम्प्रेशन टेस्टचे (प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाचे) आकडे, पीएसआयमध्ये: १६५, ८५, ९०, १६५. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, ऑइलही स्वच्छ. म्हणजे पाण्याकडे गळती नाही; दोन आणि तीनच्या मधली अरुंद पट्टी गेली. हेड उतरवल्यावर तेच दिसलं. फायर रिंग (गॅस्केटच्या भोकाभोवतीची धातूची कडी) जळून काळी पडलेली, आणि दोन नंबरच्या प्लगच्या पोर्सेलीनवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके. हे ठिपके नॉकिंगचे, म्हणजे मिश्रण स्वतःहून भडकून बसणाऱ्या ठोक्यांचे. गॅस्केटने हात टेकले ते नंतर.

आता चूक माझी कुठे झाली ते सांगतो. जी१३बीबीचा (जिप्सीच्या या इंजिनाचा) बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५, म्हणजे एका सिलिंडरचे ३२४.७ सीसी. बुरेटने चेंबरची जागा मोजून माझं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते गुणोत्तर) ९.२ आलं होतं. ईटनचा एम४५ सुपरचार्जर बसवताना ते खाली आणायचं म्हणून मी १.२ मिमीऐवजी १.८ मिमीचं कंपोझिट गॅस्केट टाकलं. कागदावर छान दिसतं: जागा २.६५ सीसीने वाढली, ९.२ चं ८.७ झालं. मिस्त्री तर म्हणाले होते, "अहो, दोन टाका एकावर एक, काम फत्ते." ते मी ऐकलं नाही, तेवढीच अक्कल.

पण पिस्टन वरच्या टोकाला डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) ०.१ मिमी खाली थांबतो. म्हणजे पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातलं अंतर १.३ वरून १.९ मिमी झालं. या चिंचोळ्या जागेतून मिश्रण जोरात बाहेर फेकलं जातं, घुसळतं, आणि कडेच्या भागात उशिरा जळण्याजोगं फारसं उरत नाही. ही फट रुंद केली की घुसळण मंदावते आणि कडेचं मिश्रण स्वतःहून पेटायला मोकळं राहतं. अर्धा पॉइंट कॉम्प्रेशन कमी करून जे कमावलं, ते इथे बरंचसं घालवलं. त्यात ब्लोअरमधली तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही. बाहेर ३५ अंश असताना ०.४ बार (तेच ६ पीएसआय) बूस्टला ब्लोअरमधून हवा ९० अंशांच्या आसपास बाहेर पडते (कार्यक्षमता ५५ टक्के धरून केलेला हिशोब). मे महिन्यात घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर बॉनेटखाली काय असेल ते वेगळं.

तांब्याच्या गॅस्केटचा विचार आठवडाभर डोक्यात होता. मुंबईच्या तांबाकाट्याला जाऊन पत्रा बघूनही आलो. तांबं दाबाला मानतं, तापवून मऊ करून पुन्हा वापरता येतं, पण ब्लॉकमध्ये खाच काढून तार बसवल्याशिवाय नीट धरत नाही, आणि पाण्याच्या भोकांना वेगळं सीलंट लागतं. रोज चालवायच्या गाडीला हा उपद्व्याप नको. रेसचं इंजिन असतं तर गोष्ट निराळी.

शेवटी एमएलएस, तीन थरांचं स्टीलचं, ऑर्डर देऊन बनवून घेतलं. जाडी १.२ मिमी, गॅस्केटचा बोअर ७५. जाडी मूळचीच आहे, हे मुद्दाम. बोअर ७४ पेक्षा मोठा हवाच; कडा चेंबरमध्ये डोकावली तर ती तापून लाल होते आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. कस्टम ड्युटीची रक्कम इथे लिहीत नाही, घरचेही वाचतात.

एमएलएसची खरी अट फिनिशची आहे. कंपोझिट थोडा खडबडीतपणा पोटात घालतं; एमएलएसला ५० मायक्रोइंच आरए (पृष्ठभागाच्या सरासरी खडबडीतपणाचं माप), म्हणजे साधारण १.२५ मायक्रॉन, किंवा त्याहून गुळगुळीत लागतं. कुर्ल्याला हेड फेसिंग करून आणलं तर लेथवाल्याने चकचकीत दिसणारं पण नखाला लागणारं काम दिलं. परत नेलं. दुसऱ्यांदा हळू फीडवर हलका कट घेतला, तेव्हा नख सरकलं. स्ट्रेट एजखाली ०.०५ मिमीचं फिलर गेज कुठेही शिरत नाही. ब्लॉकच्या डेकवर मात्र मशीनवर बसवलेली खरखरीत चकती फिरवू नका. ती ॲल्युमिनियम खाते, आणि तिची भुकटी ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. प्लॅस्टिकचा स्क्रॅपर, थिनर आणि धीर.

बोल्टच्या आंधळ्या भोकांतलं ऑइल आणि कूलंट हवेने उडवून काढलं. तळाशी द्रव राहिला तर टॉर्क पाना खोटं बोलतो, आणि कधी ब्लॉक तडकतो. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे असल्याने गॅस्केटला दोन बाजूंनी वेगवेगळी ओढाताण होत नाही, हे या इंजिनाचं सुख. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियम हेड असतं तर एक बाजू दुसरीच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते.

पावसाने एक दिवस खाल्ला. शनिवारी संध्याकाळी डेक पुसून ठेवला, सकाळी सिलिंडरच्या लोखंडी लायनरच्या कडांवर गंजाचा तांबूस थर. पुन्हा साफ केलं, ऑइलचा हात फिरवला, बसवण्याआधी तो पुसून काढला.

कोरडी जुळणी करून पिस्टन आणि हेडमधलं अंतर सोल्डरची तार दाबून मिमीत पाहिलं: १.२८, १.३१, १.३०, १.२९. कॉम्प्रेशन ९.२ वर परत आलं, म्हणून पुली बदलून बूस्ट ५ वर आणतोय आणि ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागे. इंटरकूलरला ग्रिलमागे जागा मोजली, रेडिएटरच्या फॅनला १८ मिमी कमी पडतात.