नडावळीवरची सही

कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना. त्यातली आमच्या गावची एक माझ्या वाट्याला आली आणि तिच्या मागोमाग गावच्या आरोग्य समितीचं अध्यक्षपदही गळ्यात पडलं. वाटलं होतं, शिबिराला नारळ फोडायचा, बस्स. समितीच्या खात्यावर सरकार वर्षाला १०,००० रुपये घालतं, सह्या माझी आणि आशाताईची.

बैठकीची नडावळी, म्हणजे इतिवृत्त, कन्नडात. मला कन्नड येतं ते बाजारापुरतं. शाळा मराठी, त्यामुळं ती गोल अक्षरं अजून जुळवतच वाचते. दोन वर्षं डोळे झाकून सही ठोकली. मग एकदा आठवीतल्या लेकीनं वाचून दाखवलं, "आई, हितं लिवलंय, टाकीत रोज ब्लीचिंग पावडर घालतात, तू सोता बघितलीस." मी टाकीची शिडीसुद्धा चढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भर पावसात गेले. खानापूर तालुक्यातला जुलै म्हणजे उशीसुद्धा ओली लागते. पंपघरात पोतं तोंड उघडं टाकून ठेवलेलं, पावडरीचे ओल्या मिठासारखे गठ्ठे. नाक जवळ नेलं तरी झोंबलं नाही.

"अक्का, रोज घालूलालोय की!" वॉटरमन म्हणाला. खरं बोलत होता बिचारा. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे आमच्या ५०,००० लिटरच्या टाकीला १२५ ग्रॅम, अगदी मापानं. पण तो हिशोब ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा. ओल लागली की क्लोरीन उडून जातो, मागं उरतो तो नुसता चुना.

आशाताईकडनं पाणी तपासायची बाटली आणली, नळाचं पाणी भरून फळीवर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. जंतू असले की पाणी काळं पडतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काजळीसारखं काळं. सासूबाईंनी आधी लोणच्याची बरणी तिथनं हलवली.

ती बाटली मी बैठकीत टेबलावर ठेवली. (२०२३ मध्ये महाराष्ट्रानं आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लावली, तेव्हा दोन्हीकडनं केवढी भाषणं! टाकीवर मात्र कुणीच चढलं नाही.) नवी पावडर आली, समितीच्या पैशातनं घट्ट झाकणाचा डबा आला. आता दर सोमवारी गावाच्या शेवटच्या नळाचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकते. पिवळं झालं तर क्लोरीन तिथपर्यंत पोचलाय.

सहीच्या वर मी मराठीत "पाहिले, पिवळे आले" लिहायला लागले. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, म्हणाले, नडावळीत मराठी चालत नाही. मग लेकीकडनं तेवढी एक ओळ कन्नडात गिरवून घेतली. पिवळं नाही आलं तर काय लिहायचं, तेही तिनं शिकवलंय. आतापर्यंत दोनदा लिहावं लागलं.